पिवळी फुली

"हॉर्न वाजव. लाइट लाव. आता उतर खाली."

गुलाब उतरला. हरिदास त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. जिनिंग मिलच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती आणि रांगेतले लोक मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते. घालेनात का! मागे एकदा पाळी सुटल्यावर घरी जाताना एक कामगार ट्रकखाली गेला. त्याला उचलून आणणाऱ्यांत जिनिंगचा फिटर हरिदासही होता. तेव्हापासून मालकाचा हुकूमच निघाला. दरवर्षी कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी कामगारांच्या गाड्या तपासायच्या. गाडीला स्टिकर नाही, तर माणसाला काम नाही.

"अरे हरिदास, हॉर्न-लाइट पाह्य अन् स्टिकर चिकटव," मॅनेजर सांगून थकला होता. "तू त गाडीचं पोस्टमार्टमच करून राह्यला!"

हरिदास ऐकतो कुणाचं! ब्रेक दाबून पाही, चेन ओढून पाही, स्पोक न् स्पोक वाजवून पाही. एवढं करूनही गेल्या वर्षी लोकांनी त्याच्या डोळ्यांत धूळ फेकलीच. एकच आरसा अर्ध्या गावाच्या गाड्यांना लागून पास होऊन गेला. म्हणून यंदा त्याने पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणला. जे नापास, त्यावर ठसठशीत फुली. आता कोण कशाला उसनं आणतो ते पाहतोच, म्हणाला.

परवा गुलाबच्या मागच्या टायरवर तशीच फुली पडली होती. टायर पार गोटा झालेलं, एका अंगाने आतले दोरे दिसत होते.

"हरिदासभाऊ, आठ दिवस त द्या," गुलाब हात जोडून म्हणाला होता. "काम सुरू झालं का पयले टायरच टाकतो."

"काम सुरू व्हायच्या आधी टाक. परवा शेवटची तपासणी हाय. अन् हे टायर पुन्हा माह्या डोळ्यासमोर आलं नाई पाह्यजे."

गुलाब काही परका नव्हता. भिंतीला भिंत लागून घर. दोघांनी एकाच दिवशी एकसारख्या मोटारसायकली घेतलेल्या. हरिदासची पोर अंकिता गुलाबच्या अंगाखांद्यावर वाढलेली. आता ती सावंगीला नर्सिंगला होती आणि बापाची तीच गाडी घेऊन रोज जायची. पण तपासणीत कसला आलाय शेजार! गुलाब मुकाट्याने गाडी ढकलत घरी गेला. त्या दिवशी हरिदासला घास गोड लागला नाही.

"बाबा, तुम्ही खराब ते काढून टाकता," वाढता वाढता अंकिता म्हणाली. "चांगलं कुठून आणाचं ते नाई सांगत. तुमच्या भेवानं लोकं काय काय करतात, माहीत हाय का तुम्हाले?"

"काय करतात?"

"काई नाई. जेवा."

आज मात्र चाकावर कोरं करकरीत टायर होतं. दसऱ्याला गाडीची पूजा करताना हरिदासने अंकिताच्या गाडीला घातलं होतं, अगदी त्याच कंपनीचं. आपलं पाहूनच घेतलं असणार गड्याने! हरिदासने टायरवर हात फिरवला आणि त्याला मनापासून बरं वाटलं. कडक राहिलं की माणसं सुधारतात, ती अशी.

"पाह्य, जमलं का नाई? उगाच रडून राह्यलता. घे." त्याने स्वतःच्या हाताने स्टिकर चिकटवला. "आता निवांत जाजो-येजो."

गुलाब हसला नाही. स्टिकरकडे पाहत नुसता उभा राहिला.

तेवढ्यात हरिदासचा फोन वाजला. पलीकडे अनोळखी माणूस होता. वर्ध्याच्या रस्त्यावर वळणापाशी एक मोटारसायकल पडली आहे, पोरीच्या फोनमध्ये 'बाबा' म्हणून हा नंबर सापडला, लवकर या, म्हणाला.

हरिदास पेंटचा डबा तसाच टाकून उठला. "अंकिता," एवढंच तो बोलला. गुलाबचा चेहरा पांढराफटक पडला. पण गाडीला किक त्यानेच मारली आणि हरिदास मागे बसला. भरधाव गाडी जराही डगमगली नाही. गुलाब वाटभर रडत काहीतरी बोलत होता. वाऱ्यात तुटक तुटकच ऐकू येत होतं. "म्या नाईच म्हणलं होतं... परीक्षा हाय, जाच लागते म्हणे... एका दिवसाचाच त सवाल हाय, काका..." हरिदासच्या कानात काही शिरत नव्हतं. देवा, पोर वाचू दे, एवढंच त्याचं चाललं होतं.

पोर वाचली नव्हती. तिच्यावर तिचीच ओढणी पांघरलेली होती.

"मागचं टायर फुटलं अन् पोरगी ट्रकपुढे फेकली गेली," पोलीस शिपाई म्हणाला. "एवढं घासेपर्यंत कोणी टायर वापरते का?"

"घासलेलं?" हरिदास ओरडला. "नवं टायर हाय माह्या पोरीच्या गाडीले! म्या घातलं हाय, या हातानं!"

ओढणीकडे पाहायची हिंमत होईना. तो आडव्या पडलेल्या गाडीकडे गेला आणि सवयीने मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. मागे गुलाबने रस्त्यावरच बसकण मारली होती. हरिदासने चाकाला हात घालून ते फिरवलं. फाटलेलं टायर खालून हळूहळू वर आलं, आणि परवा त्यानेच मारलेली पिवळी फुली त्याच्या डोळ्यांसमोर येऊन थांबली.