उत्तरेची काच

“चोर आहेत हे!” शर्वाणीने लॅपटॉप आप्पांपुढे सरकवला. मेलबर्नच्या आर्किटेक्ट फर्मने उद्याच्या मुलाखतीआधी बघायला एका घराचा प्लॅन पाठवला होता. प्लॅन तिचाच होता, अर्जासोबत पाठवलेला. फक्त दिवाणखान्याची मोठी काच दक्षिणेकडून उत्तरेला नेली होती.

परदेशात घरं बांधायचं वेड तिला शाळेपासून. म्हणूनच इतक्या झटपट आलेल्या बोलावण्यावर तिचा विश्वास बसत नव्हता. “चोरलं ते चोरलं, वर बिघडवलं! हिवाळ्यात उत्तरेकडून ऊन येतं का कधी?” तिने नकाराचा मेल लिहायला घेतला.

आप्पांचं लक्ष टीव्हीवरच्या मेलबर्नच्या क्रिकेट सामन्यात होतं. “ऐन डिसेंबरात घामाघूम झालेत बघ बिचारे. तिकडे सगळं उलटंच, बाई.”

तिची बोटं थांबली. मेलबर्न दक्षिण गोलार्धात; तिकडे ऊन उत्तरेकडूनच येतं. तिने काढलेल्या घरातली माणसं हिवाळाभर कुडकुडली असती.

लिहिलेलं पुसून तिने प्लॅनचा खालचा कोपरा पहिल्यांदाच मोठा करून पाहिला. आर्किटेक्टचं नाव लिहायच्या चौकटीत तिचंच नाव होतं. शेजारी बारीक अक्षरांत एक ओळ: ‘काच तेवढी फिरवली. बाकीचं घर उद्या तुम्ही समजावून सांगा.’