करडी पूड

"तीन वर्षांच्या मुलीच्या रक्तात एवढं शिसं आलं कुठून?" डॉक्टरबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवत हिंदीतून विचारलं.

सुधन्वा आणि शुभदा लेकीला घेऊन समोर बसले होते. रेवती बाबाच्या खांद्यावर पेंगत होती. दोन महिने तिचं पोट दुखत होतं. खाणं सुटलं होतं, चेहरा फिकट पडला होता. हल्ली तर ती बोलता बोलता शब्द विसरायची. शुभदाला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती होती.

डॉक्टरबाई एकेक विचारत गेल्या. भिंतींच्या रंगाचे पोपडे निघालेत? नाही, दिल्लीतल्या मयूर विहारचा फ्लॅट नवाकोरा होता. नळाचे जुने पाइप? तेही नाहीत. काजळ, सुरमा? कधीच नाही.

"तुम्ही काम काय करता?"

"नोएडाला बॅटरीच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे." सुधन्वा म्हणाला. "पण हिला तिकडे कधीच नेलं नाही, मॅडम."

"आणि घरी कपडे बदलण्याआधी हिला उचलून घेता?"

तो कामावरून थेट दवाखान्यात आला होता. शर्टावर शिशाची करडी पूड होती आणि त्याच शर्टात तोंड खुपसून रेवती झोपली होती.

शुभदाने झटकन लेकीला ओढून घेतलं. रेवती दचकून जागी झाली आणि रडत बाबाकडे झेपावली. सुधन्वाने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"उपचार आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण ही पूड आजपासून घरात येता कामा नये."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली. वीस कामगार करड्या कपड्यांनिशी फाटकाशी आले, तर फाटकाला कुलूप. सुधन्वा पाण्याची नळी धरून उभा होता. शेजारी साबणाचं खोकं आणि सकाळीच सरोजिनी नगरच्या बाजारातून आणलेल्या स्वस्त कपड्यांचा गठ्ठा होता.

"आधी अंघोळ करा, कपडे बदला. मगच बाहेर," त्याने हिंदीतून सांगितलं.

वरच्या खिडकीतून मॅनेजर ओरडला, "कुलूप काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

सुधन्वाने किल्ली खिशात टाकली.

एका म्हाताऱ्या कामगाराने हात जोडले. "जाने दो, साहब. घर पे मेरी पोती दरवाजे में खड़ी होगी, छोटी बच्ची है."

"इसीलिए तो," सुधन्वा म्हणाला आणि त्याने नळ सोडला.