बॅज दाखवा, फुकट या

मिशिगनमधल्या त्या कंपनीत २००८चा अख्खा ऑक्टोबर ले-ऑफची कुजबुज चालली होती. नोकरी गेली की व्हिसाही गेला, त्यामुळे साधा फोन वाजला तरी देवदत्तच्या काळजात धस्स व्हायचं.

"अरे, निदान आज शनिवारी तरी ऑफिस डोक्यातून काढ," म्हणत बायकोनं त्याला गावातल्या म्युझियमच्या हेरिटेज डेला ओढत नेलं. कंपनी त्याच गावातली, साठ वर्षं जुनी. तिचा बॅज दाखवला की तिकीट माफ.

काउंटरवरच्या गोऱ्या आजीबाईंनी बॅज हातात घेऊन कौतुकानं न्याहाळला. महिन्याभरात पहिल्यांदाच देवदत्तला जरा हायसं वाटलं.


बॅज परत देताना त्या म्हणाल्या, "सोमवारनंतर फेकून नका देऊ हं, आम्हालाच द्या. तुमच्या कंपनीसाठी काचेचं एक कपाट रिकामं करून ठेवलंय."