ब्याऐंशी गुणांची झोप

सासूबाईंच्या मनगटावर डेपोचं घड्याळ बघितलं आणि तिचं डोकंच फिरलं.

ती चहा द्यायला आत गेली होती. म्हातारी उताणी पडलेली, हात पोटावर, डोळे टक्क उघडे. काळा रबरी पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळलेला.

"आई, हे काय?"

"हळू बोल. सात वाजेपर्यंत घालून ठेव म्हणालाय तो." ओठ तेवढे हलले, बाकी काही नाही.

ते घड्याळ वेळ बघायला नव्हतंच. डेपोने बसच्या प्रत्येक ड्रायव्हरला एकेक दिलं होतं. ते घालून झोपायचं, सकाळी सातला झोपेचे गुण साहेबांच्या फोनवर जायचे. सत्तरच्या खाली आले, की पुढची गाडी नाही आणि पगार अर्धा. सोबत एक पत्रकही आलं होतं, फ्रिजवर चिकटवलेलं: चांगल्या झोपेसाठी रोज एकाच वेळी झोपा, एकाच वेळी उठा. आणि ड्युटी कशी? दोन दिवस पहाटे चारची, दोन दिवस रात्री बाराला संपणारी, मग पुन्हा पहाटेची. पत्रक काढणारा आणि ड्युटी लावणारा, दोघांना एका खोलीत कोंडून ठेवावं, असं फ्रिज उघडताना तिला रोज वाटायचं.

चहा तसाच हातात घेऊन ती बाहेर आली. नवरा खुर्चीत बसून मोजे चढवत होता. डोळे लालबुंद.

"आईंना घड्याळ कधीपासून बांधताय?"

तो मोजा ओढत राहिला.

"विचारतेय मी!"

"आठ दिवस झाले. माझे चाळीसच्या वर जात नाहीत. आईचे ऐंशी येतात. मग काय करू, घरात बसू?"

"परवा सिग्नलला डोळा लागला तुमचा. तुम्हीच सांगितलंत. मागच्यांनी हॉर्न वाजवले म्हणून जागे झालात. चाळीस माणसं होती गाडीत! झोपायचं आईंनी आणि गाडी चालवायची तुम्ही. वा!"

"आई झोपत नाही गं," तो मोज्याकडे बघत म्हणाला. "तिला कुठे येतेय झोप. नुसती पडून राहते, न हलता. घड्याळाला तेवढं पुरतं."

तिने कप टेबलावर ठेवून दिला. आठ रात्री. म्हातारीने आठ रात्री कूस बदलली नव्हती.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तो उचलेना. तिने वळून बघितलं. एक मोजा पायात, दुसरा हातात, हनुवटी छातीवर. बोलता बोलता गडी झोपला होता.

तिने फोन उचलला. डेपोचे साहेब होते.

"कुठे आहेत आमचे ड्रायव्हरसाहेब? सांगा त्यांना, ब्याऐंशी! डेपोत पहिला नंबर. आज घाटातली लांबची गाडी त्यांनाच देतोय. चौदा तासांची ड्युटी आहे, पण इतका ताजातवाना माणूस दुसरा कोण आहे आमच्याकडे?"

"आहे ना," ती म्हणाली. "ती ब्याऐंशी गुणांची झोप माझ्या सासूची आहे. घाटातली गाडी त्यांनाच द्या."

पलीकडे साहेबांचा आवाज बदलला. "वहिनी, काय बोलताय कळतंय का? नोकरी जाईल त्याची. द्या फोन त्याच्याकडे."

"नाही देणार. रोज एकाच वेळी झोपा, असं तुम्हीच लिहिलंय. आजपासून त्यांची हीच वेळ."

तिने फोन बंद करून टेबलावर आपटला. नवरा हललासुद्धा नाही. राग नेमका कुणावर काढावा ते तिला कळत नव्हतं.

आतून दबका आवाज आला.

"सूनबाई, सात वाजले का गं? आता कूस बदलली तर चालेल?"