भरलेली ओंजळ

एकोणीसशे अठराच्या दुष्काळात नंदुरबारच्या एका शेठनं धर्मशाळेत लावायला स्वतःचं अन्नदान करतानाचं चित्र मला काढायला सांगितलं. याचक म्हणून समोर बसवायला नवापूरच्या डोंगरातून उतरलेली उपाशी बुधीबाई मिळाली. चौथ्या दिवशी शेठ चित्रापाशी थांबला. “तिनी ओंजय रिकामी का शे?” “समोर नसेल ते मी रंगवत नाही,” मी ताठ मानेनं म्हणालो. खोटं चित्र माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं. शेठनं मुनिमाला खूण केली. त्यानं बुधीबाईच्या ओंजळीत ज्वारी ओतली. दुपारभर मी एकेक दाणा रंगवला. तिची ओंजळ खाली झुकली की “हलू नको” म्हणत राहिलो. चित्र संपताच मुनिमानं पोतं पुढं धरलं. तिनं ज्वारी परत ओतली, तळवे झाडले आणि मला उघडून दाखवले. “एक बी दाना लिधा नही, दादा.” मी भरलेल्या ओंजळीखाली सही केली.