दात येतायत

अजून सोळा दिवस एकही खाडा झाला नाही, तर कॉलरवालीला रोख तीन हजार मिळणार होते. म्हणजे महिन्याचं घरभाडं. आणि घरमालकिणीला जिन्यात चुकवत फिरायला लागणार नाही, हा नफा वेगळा. शर्टांच्या कारखान्याचा नियम सरळ होता. तीन महिने पूर्ण हजेरी लावा आणि बोनस न्या. एक दिवस बुडाला तर शंभर-दोनशे कापायची भानगड नव्हती, सगळ्यावरच पाणी.

आणि नेमका त्या गुरुवारी सकाळी सव्वा वर्षाचा पोरगा तव्यासारखा तापला होता.

नवरा ट्रकवर, आठ दिवसांनी उगवणार. सासू नणंदेच्या बाळंतपणाला गेलेली. कॉलरवालीने रडायच्या आधी घड्याळ पाहिलं. तापाचं औषध अर्ध्या तासात लागू पडतं. सव्वासातला पाजलं की पावणेआठला, कारखान्याच्या पाळणाघरात पोचेपर्यंत, कपाळ गार. साडेबाराच्या सुट्टीत दूध पाजायच्या निमित्ताने आत जायचं आणि दुसरा डोस. पाच वाजेपर्यंत निभावलं. कॉलरीचं टोक बसवताना लागते तेवढीच ही मोजणी नेमकी होती.

पाळणाघराच्या दारात मावशी उभ्या होत्या. तापलेलं मूल आत घ्यायचं नाही, असा त्यांना हुकूम होता. थर्मामीटर केव्हाच फुटला होता आणि नवा ऑफिसने दिला नव्हता, म्हणून त्या हाताच्या मागच्या बाजूने कपाळ बघत. त्यांनी पाहिलं. गार. मग नाक पाहिलं.

"हे गं काय? नाक केवढं वाहतंय!"

"दात येतायत, मावशी."

"नाकात येतायत?"

मागे उभ्या असलेल्या दोघी फिदीफिदी हसल्या. मावशींनी पोराला कडेवर घेतलं. मावशींचा पगार मुलांच्या संख्येवर ठरे. पोराच्या तोंडाला येणारा संत्र्याच्या चवीच्या औषधाचा वास त्यांनी मुकाट्याने रुमालाने पुसून टाकला.

रविवारपर्यंत पोरगा खेळायला लागला. सोमवारी शेजारच्या मशीनवरची बाहीवाली आली नाही. तिची मुलगी चार महिन्यांची. श्वास घेताना पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जातायत, दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलंय, असं सुपरवायझरने सांगितलं आणि पुढच्याच वाक्यात कॉलरवालीला बाह्याही लावायला बसवलं.

मग सगळं पाळणाघरच खोकायला लागलं. आधी बटणवालीची मुलगी, मग इस्त्रीवालीची जुळी. चौदा जणींची मुलं होती तिथे. रोज सकाळी एखादं नवं मशीन झाकलेलं दिसे. कॉलरवाली झाकलेली मशीनं मोजत राही, पण हात थांबत नसत. मोजण्यासाठी वेगळी सुट्टी नव्हती.

बाहीवाली परतली ती अर्धी होऊन. कानांत आता कुड्यांऐवजी काड्या होत्या. पोरगी वाचली होती, पण शिट्टी वाजावी तसा श्वास घेत होती; सध्या तिला आजी सांभाळत होती आणि त्यासाठी आजीने आपलं धुण्याभांड्याचं काम सोडलं होतं. दुपारी नळावर डबे धुताना कॉलरवालीला राहवेना.

"तुझ्या लेकीला माझ्याच पोराने दिलं गं. त्या गुरुवारी तापला होता तो. मी औषध पाजून आणला. दात येतायत म्हणून सांगितलं."

बाहीवालीने डबा खाली ठेवला. आता शिव्या ऐकायच्या, म्हणून कॉलरवालीने मान खाली घातली.

"गुरुवारी?" बाहीवाली म्हणाली. "माझी तर बुधवारीच फणफणली होती. मीपण पाजूनच आणली. मला वाटलं, माझ्या लेकीनेच तुझ्या पोराला दिलं. तोंड कसं दाखवू, म्हणून तुझे फोन उचलले नाहीत."

"मावशींना काय सांगितलंस?"

"दातच."

"चार महिन्यांच्या पोरीला?"

दोघी हसत सुटल्या. हसता हसता बाहीवालीचा आवाज फाटला आणि तिने नळ मोठा सोडला.

महिनाअखेरीला साहेबांनी सगळ्यांना कटिंगच्या टेबलांपाशी गोळा केलं. कॉलरवालीला पुढे बोलावलं. "घरात एवढंसं मूल, नवरा बाहेरगावी, तरी एक खाडा नाही! शिका जरा यांच्याकडून." साहेब अगदी मनापासून बोलत होते. टाळ्या झाल्या. कॉलरवालीने पाकीट घेतलं, खाली मान घालून जागेवर आली आणि मशीनखालून ते बाहीवालीच्या मांडीवर सरकवलं.

बाहीवालीने ते जसंच्या तसं परत सरकवलं.

"घरभाडं भर आधी. आणि पुढच्या वेळी दुपारचा डोस कसा साधायचा, तेवढं मला नीट सांग."

ऑफिसच्या वहीत पाळणाघराच्या चौदा जणींचे चौदा बोनस खर्चाला धरलेले होते. त्यातला एक वाटला गेला. मुलांच्या तापात कंपनीचे एकोणचाळीस हजार वाचले. ज्या तेरा जणींच्या खिशातून ते गेले, दवाखान्याची बिलंही त्यांनीच भरली आणि टाळ्याही त्यांनीच वाजवल्या.