चुन्याची डबी

रोहिणीने कॉम्प्युटरचा स्क्रीन नवनाथकडे फिरवला. एकवीस दिवसांचे एकवीस चौकोन, सगळे लाल.

"हे बघा. तीन आठवड्यांत तुम्ही गोळ्यांचा डबा एकदाही उघडलेला नाही."

"डबा न्हाई उघडला, मॅडम. गोळी रोज घेतली."

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या त्या केंद्रात रोहिणी आठ वर्षं समुपदेशक होती. खोटं बोलणारा पेशंट तिला दारातूनच ओळखू यायचा. हा खोटं बोलत नव्हता, आणि तिचा संतापही त्याच्यावर नव्हता. टेबलावर त्याचा रक्ताचा रिपोर्ट होता: विषाणू सापडले नाहीत. याहून चांगला रिपोर्ट नसतो.

डबा मात्र फार हुशार. रोज सकाळी दहाला वाजायचा, झाकण उघडेपर्यंत गप्प बसायचा नाही, आणि वाजल्यावर उघडलं तरच पुण्याच्या ऑफिसला आपोआप कळवायचा. नवनाथ त्या वेळी चाकणच्या कंपनीत असतो आणि तिथे सिक्युरिटी गेटवर मोबाईलसुद्धा काढून घेते, एवढं मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"सेकंड शिफ्टला तर दहाला घरीच असता. तेव्हा का नाही उघडत?"

"घरी आई हाय, भाऊ-भावजय हायेत. कुणालाच ठाव न्हाई. पयल्या दिवशी तांदळाच्या कोठीत लपवला, तर आई म्हणली, कोठीत रातकिडा शिरलाय. सगळं तांदूळ उपसायला निघाली. तवापासून रानात मोटारीच्या खोलीत ठेवलाय."

"आणि गोळी?"

नवनाथने खिशातून दोन तोंडांची डबी काढली. एका बाजूला चुना, दुसऱ्या बाजूला तंबाखूच्या जागी आजची गोळी.

"जुन्या बाटलीतल्या उरल्यात, त्यातली रोज एक हितं भरतो. लाइनवर सगळ्यांच्या खिशात अशी डबी असती. कोण इचारत न्हाई."

"तंबाखू मागत असतील की."

"मागत्यात. संपली म्हणतो. तीन वर्सं झाली, समदे मला चिकट म्हणत्यात."

रोहिणीला हसूही आलं आणि भरूनही आलं. तिने डब्यांचा हिशोब ठेवणाऱ्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आयुष सर, पेशंटचा रिपोर्ट एकदम उत्तम आहे. गोळी पोटात जाते म्हणूनच ना?"

"रिपोर्ट छानच आहे मॅडम. पण तीन आठवडे लाल म्हटल्यावर नियमाप्रमाणे त्यांनी दर आठवड्याला केंद्रावर यायचं. डब्याबाहेर घेतलेल्या गोळीला सिस्टीममध्ये जागाच नाही."

"गोळीची जागा पोटात असते, सर," असं म्हणून तिने फोन ठेवला. "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," ती स्वतःशीच पुटपुटली.

नवनाथने सगळं ऐकलं होतं. "दर आठवड्याला खाडा झाला तर कंत्राटदार नाव काढील, मॅडम. आन् का जातो म्हणून इचारलं, तर त्येला काय सांगू?"

याचं उत्तर नियमात नव्हतं. रोहिणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहाला पाच मिनिटं कमी होती.

"डबा आणलाय?"

त्याने पिशवीतून डबा काढला. तिने आतल्या गोळ्या एका साध्या बाटलीत ओतून बाटली त्याच्या हातात दिली, उठून दार लावलं आणि टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढला. आत तसलेच अकरा डबे ओळीने ठेवले होते, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. तिने त्याचा डबा शेवटी ठेवला.

नवनाथने वाकून डबे मोजले. "रविवारी काय करता?"

"घरी नेते. सासूबाईंना वाटतं, मी अलार्मची घड्याळं विकते." मग तिचा आवाज चढला. "पण एक दिवस जरी गोळी चुकली तर फोन करायचा. पुण्याला नाही, मला. आणि रक्त तपासायला तारखेला हजर. डबा मी उघडेन, रक्त काही मला बदलता येत नाही. कळलं?"

"व्हय."

दहा वाजले. ड्रॉवरमधले बाराही डबे एकदम ओरडायला लागले. रोहिणी खाली वाकून एकेकाचं झाकण उघडून लावू लागली. शेवटच्या, नवनाथच्या डब्याचं ओल धरलेलं झाकण पुन्हा नखाने उचकटावं लागलं. तिने मनातल्या मनात पुण्याला एक शिवी हासडली.

नवनाथने चुन्याची डबी उघडली आणि टेबलावरची पाण्याची बाटली जवळ ओढली.

स्क्रीनवर त्याचा आजचा चौकोन हिरवा झाला. गोळी अजून त्याच्या हातातच होती.